नाय आवाडला तर ठेव थंयच: मालवणच्या आमच्या रविवारच्या बालवाचनालयाबद्दल

खूप दिवस लिहायचं होतं, आज पोरगा आजीकडे आहे म्हणून बसले. हे वाचनालय म्हणजे एका रिटायर्ड बाईंच्या घराची ओटी आणि त्याला लागून असलेली एक खोली, मालवणात, बाजारापासून चालत दहा मिनिटं. बोर्डावर नाव नाही, नुसतं 'मुलांसाठी पुस्तकं. आत या.' एवढंच खडूने लिहिलेलं असतं आणि पावसाळ्यात तेही पुसलं जातं. बाईंना त्यांचं नाव पत्ता कुठे टाकलेला आवडत नाही त्यामुळे तो मी इथे देत नाहीये, पण मालवणात कुणालाही विचारा, रविवारी सकाळी पोरं पिशव्या घेऊन कुठे जातात ते सांगतील.

आधी आमची परिस्थिती सांगते म्हणजे कळेल मी एवढी का भारावलेय. मुलगा चौथीत असताना शाळेत वाचनाची वही सुरू केली. दर आठवड्याला एक पुस्तक, मग वहीत पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव, दहा ओळी सारांश, खाली तात्पर्य आणि पालकांची सही. हेतू चांगलाच होता, मी शाळेला दोष देत नाही, शिक्षकांवरसुद्धा वरून कागद भरायचं ओझं असतंच. पण झालं काय की शनिवार रात्र आमच्या घरात रडारडीची रात्र झाली. पोरगा सगळ्यात पातळ पुस्तक शोधून आणायचा, पहिलं पान आणि शेवटचं पान वाचायचा, मधलं मला विचारायचा, आणि तात्पर्य म्हणून प्रत्येक वेळी 'नेहमी खरे बोलावे' लिहायचा, मग गोष्ट माकडाची असो की विहिरीची. एकदा तर मीच सारांश सांगितला आणि त्याने उतरवून घेतला, त्या सहीची मला आजही लाज वाटते. वर मी ऑनलाइन बोधकथांचा दहा पुस्तकांचा बॉक्स मागवला, त्याचं प्लास्टिक काढून झालं एवढंच. जो मुलगा दुसरीत असताना एसटीच्या खिडकीतून दिसणारी प्रत्येक पाटी मोठ्याने वाचायचा तो 'पुस्तक' म्हटलं की पोटात दुखतंय सांगायला लागला. आई म्हणून हे बघणं फार वाईट असतं हो.

मग पतपेढीतल्या माझ्या मैत्रिणीने या बाईंचं सांगितलं. गेल्या जूनमध्ये, मासेमारी बंद असते ते दिवस, धोधो पाऊस, आम्ही दोघं छत्रीतून भिजत पोचलो. ओटीवर चटया टाकलेल्या, वीस एक पोरं, त्यातली बरीचशी दांडी आणि धुरीवाडा या मालवणातल्या वाड्यांकडची, काहींचे वडीलसुद्धा भिंतीला टेकून बसलेले, कारण होड्या वर ओढून ठेवल्या की त्यांना वेळ असतो. आणि भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळ्या बांधलेल्या आणि त्यावर कपडे वाळत घालतात तशी पुस्तकं चिमट्याने लटकवलेली, सगळ्यांची तोंडं पुढे. मला आधी वाटलं जागा नाही म्हणून असेल. नंतर कळलं की मुद्दाम आहे. कपाटात पुस्तकाचा कणा दिसतो, आणि आठ वर्षांचं पोर कणा वाचून पुस्तक घेत नाही, ते चित्र बघून घेतं. दर रविवारी दोरीवरची निम्मी पुस्तकं बदलतात.

माझ्या मुलाने एक पुस्तक घेतलं, दोन पानं चाळली आणि माझ्याकडे बघायला लागला, म्हणजे आता हे पूर्ण वाचावं लागणार असा चेहरा. बाई लांबून म्हणाल्या, "नाय आवाडला तर ठेव थंयच, दुसरा घे." त्याला खरंच वाटेना. त्याने पाच पुस्तकं अशी घेतली आणि ठेवली, मला वाटलं आता ओरडतील, मीच डोळे वटारायला लागले, तर बाईंनी मला खूण करून गप्प बसवलं. सहावं पुस्तक माशांचं होतं. ते घेऊन तो कोपऱ्यात गेला तो निघायची वेळ झाली तरी उठेना.

इथला नियम म्हणाल तर एकच आहे, आणि तो पालकांना आहे. घरी नेलेल्या पुस्तकाबद्दल मुलाला काही विचारायचं नाही. 'काय शिकलास', 'किती पानं झाली', 'गोष्ट सांग बघू', काहीच नाही. तो आपणहून सांगायला आला तर हातातलं काम सोडून ऐकायचं. बाईंनी हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं आणि मी हो म्हटलं, पण पाळणं किती कठीण आहे ते घरी गेल्यावर कळलं. आपल्याला सवयच लागलीय, पोराने काही केलं की त्याचा हिशोब मागायची. आपण स्वतः एखादी कादंबरी वाचून झाल्यावर कुणी दहा ओळी लिहायला लावल्या तर आपण पुढची हातात घेऊ का? पहिले तीन आठवडे मी जीभ चावून बसले. चौथ्या आठवड्यात तो स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "आई तुला माहितीय ऑक्टोपसला तीन हृदयं असतात?" आणि मग वीस मिनिटं थांबला नाही. माझी भाजी लागली खाली, पण मी गॅस बंद करून ऐकत उभी राहिले.

बक्षिसं, स्टार, मेडल, 'महिन्याचा उत्तम वाचक' असलं इथे काही नाही. मला सुरुवातीला हे खटकलं होतं, मी म्हटलं बाई थोडं प्रोत्साहन हवं ना मुलांना. तेव्हा त्यांनी एक प्रयोग सांगितला, तो मी नंतर शोधून वाचला. १९७३ साली प्रसिद्ध झालेला, अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी केलेला. ज्या मुलांना मुळातच चित्रं काढायला आवडायची अशी मुलं निवडली, त्यातल्या काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर छान रिबनवालं सर्टिफिकेट मिळेल, काहींना न सांगता अचानक दिलं आणि काहींना काहीच दिलं नाही. एक दोन आठवड्यांनी वर्गात तेच रंग मोकळे ठेवले आणि बघितलं कोण आपणहून घेतं. तर सर्टिफिकेटच्या कबुलीवर चित्रं काढलेली मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ रंगांकडे फिरकली. आवडीचं काम होतं त्याची मजुरी झाली. आणि गंमत म्हणजे ज्यांना अचानक मिळालं त्यांचं काही बिघडलं नाही. त्यामुळे बाई कधीतरी उगाचच सगळ्यांना खटखटे लाडू वाटतात, वाचलं म्हणून नाही, रविवार आहे म्हणून.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. अकरा वाजता बाई स्टुलावर बसतात आणि मोठ्याने वाचून दाखवतात. अर्धा तास. पंखा बंद, कारण आवाज येतो. नाट्य वगैरे फार करत नाहीत, साधं, सावकाश, पण जिथे गोष्टीत शांतता आहे तिथे खरंच गप्प होतात आणि वीस पोरं श्वास धरून बसलेली असतात, बाहेर पन्हळीचं पाणी पडतंय तेवढाच आवाज. आणि ऐन रंगात आलं की पुस्तक मिटतात. "उरलेला फुडच्या आयतवारी." मग जो कल्ला होतो! ते पुस्तक दोरीवर लागतं आणि ज्याच्या हाती पहिलं पडेल त्याचं. दोनदा मी माझ्या मुलाला सगळ्यांच्या आधी चप्पल घालून तयार बसलेला बघितलाय. आपल्याकडे दशावतारात रात्र रात्र जागून गोष्ट ऐकणारी माणसं आहेत, कानाने गोष्ट ऐकायची ओढ पोरांच्या अंगातच आहे, ती वापरायचं कुणी मनावर घेत नाही. आणि एक गैरसमज माझाही होता, की मुलाला वाचता यायला लागलं की वाचून दाखवणं बंद करायचं. बाई म्हणतात सातवीपर्यंत दाखवा, कारण मुलाची समज त्याच्या वाचायच्या स्पीडच्या पुढे असते, जोडाक्षरांत अडकून गोष्टीचा दम निघून जातो, तेव्हा अवघड पुस्तक कानावाटे जाऊ द्यावं.

पुस्तक झेपेल की नाही याला त्यांनी मुलांना बोटांची युक्ती शिकवलीय. मधलं एखादं पान उघडायचं, वाचायचं, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडायचं. पाच बोटं दुमडली तर पुस्तक सध्या जड आहे, घरी कुणाकडून तरी वाचून घे. पण नेऊ नको असं कधीच म्हणत नाहीत. माझ्या मुलाने एकदा जहाजांवरचं एवढं जाड पुस्तक नेलं, वाचलं काहीच नाही, फक्त चित्रं बघितली आणि नावं पाठ केली, आणि परत केल्यावर पुन्हा तेच नेलं. तीन वेळा. मी विचारायला गेले तर बाई म्हणाल्या की ग्रंथालयशास्त्रातले रंगनाथन यांनी १९३१ मध्येच सांगून ठेवलंय, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, तर मिळालाय ना तो, मग तू कशाला मध्ये येतेस. बरोबरच होतं त्यांचं.

पुस्तकं काय आहेत हे बऱ्याच जणांनी मला विचारलंय. साधारण हजारभर असतील. पातळ चित्रांची पुस्तकं भरपूर, मराठी सगळ्यात जास्त, थोडी हिंदी, इंग्रजी कमी. 'किशोर' मासिकाचे गठ्ठेच्या गठ्ठे आहेत, बालभारती १९७१ पासून काढतेय ते, माझ्या लहानपणीचे अंक बघून मलाच भरून आलं. ज्यांना इथे येणं शक्य नाही त्यांनी हे नक्की करा, 'किशोर'चे जुने अंक बालभारतीने स्कॅन करून वेबसाइटवर फुकट ठेवलेत. आणि प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेची स्टोरीवीव्हर नावाची वेबसाइट आहे, २०१५ पासून चालू आहे, त्यावर मराठी गोष्टी चार लेव्हलमध्ये लावलेल्या आहेत, डाउनलोड करून प्रिंट काढली तरी चालतं, लायसन्सच तसं मोकळं आहे. बाई तिथल्या गोष्टी प्रिंट करून सुई दोऱ्याने शिवतात, खाकी कव्हर घालतात आणि ज्या मुलांकडून पुस्तक हरवायची भीती घरच्यांना वाटते त्यांना या प्रती देतात. हरवली तर हरवली. ही युक्ती मला फार आवडली, कारण गरीब घरातल्या कितीतरी आया पुस्तक खराब होईल आणि भरून द्यावं लागेल म्हणून घरी आणूच देत नाहीत.

आता पुस्तकातल्या चिठ्ठ्या. हे लिहिलं नाही तर काहीच लिहिलं नाही. ते माशांचं पुस्तक म्हटलं ना, त्यात बांगड्याचं चित्र होतं आणि चित्रकाराने काळे पट्टे पोटावर काढले होते. मुलगा मला घरी म्हणाला हे चूक आहे. मी म्हटलं छापलेलं आहे ते, बरोबरच असेल. तर त्याने मला फ्रीजमधला बांगडा काढून दाखवला, पट्टे पाठीवर, पोट पांढरं चंदेरी. रविवारी जाऊन बाईंना सांगितलं. बाईंनी चष्मा लावून चित्र बघितलं, मग त्याला एक छोटी पांढरी चिठ्ठी आणि पेन्सिल दिली आणि म्हणाल्या लिही आणि लाव त्या पानावर, पुढच्याला कळू दे. कुणी सारांश मागितला की रडणारा माझा मुलगा ओटीवर पालथा पडून लिहीत होता: "बांगड्याचे पट्टे पाटीर असतत, पोटार नाय." दोन महिन्यांनी ते पुस्तक परत हाती आलं तर त्या चिठ्ठीखाली दुसऱ्याच अक्षरात, जरा वेड्यावाकड्या, लिहिलं होतं: "बरोबर हा. माझे पप्पा पण तसाच सांगतत." त्याने ते मला किती वेळा दाखवलं असेल! आता तो पुस्तक उघडलं की आधी चिठ्ठ्या शोधतो. काही पुस्तकांत चार चार आहेत, एकात तर 'हय रडूक येता' एवढंच आहे आणि मी ते पान वाचलं, खरंच येतं.

घरी काय फरक पडला? माझ्या सासूबाई चौथी शिकलेल्या, आता डोळ्यांना कमी दिसतं. संध्याकाळी मागच्या दारी सुंगटं म्हणजे कोळंबी सोलत बसतात, नातू बाजूला पायरीवर वाचत बसतो. एक दिवस म्हणाल्या, "काय वाचतंस रे ता? वायच मोठ्यान वाच बघू." तेव्हापासून रोज. तो कंटाळून थांबायला लागला की त्या म्हणतात, "आता हंय थांबा नको, ता पोर घराक पोचांदे, मगे थांब." वाचता वाचता त्याचं अडखळणं कधी कमी झालं ते मला कळलंही नाही. शाळेतली ती वही अजून आहे, आता तो ती पंधरा मिनिटांत लिहून टाकतो आणि ते काम वेगळं आणि वाचणं वेगळं हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाला शाळेत तासभर वाचन झालं, तर घरी येऊन म्हणाला, "तासच होता गं फक्त."

कमतरता पण सांगते, नाहीतर रिव्ह्यू कसला. एक म्हणजे फक्त रविवारी सकाळी नऊ ते साडेबारा, एकही दुसरा दिवस नाही, आणि बाई एकट्याच असल्यामुळे त्या आजारी पडल्या की बंद, श्रावणात दोन रविवार आम्ही जाऊन परत आलो. फोन उचलत नाहीत, मेसेज बघत नाहीत. दुसरं, आठवीच्या वरच्या मुलांसाठी फार कमी आहे, माझी भाची दहावीत आहे ती एकदा आली आणि परत आली नाही, त्या वयाला गूढ, विज्ञान, प्रेमाच्यासुद्धा चांगल्या गोष्टी हव्यात, आणि बसायला थोडी वेगळी जागा, लहान पोरांच्या गर्दीत त्यांना अवघडल्यासारखं होतं. हे मी बाईंना सांगितलंय, त्यांनी मान्य केलंय. तिसरं म्हणजे वास. जुलै ऑगस्टमध्ये खोलीत शिरलं की कुबट वास येतो, ज्यांना दमा आहे त्यांनी ओटीवरच बसावं.

पण कोकणात पुस्तकं टिकवणं म्हणजे काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. इथे चामड्याच्या चपलेला रात्रीत बुरशी येते, कागदाचं काय घेऊन बसलात. बाईंनी कपाटात तळाला पिवळा बल्ब लावून ठेवलाय, पावसाचे चार महिने तो जळत असतो, कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे आणि पाय पाण्याच्या वाट्यांत, वाळवी आणि मुंग्या चढू नयेत म्हणून. डांबरगोळ्या लहान मुलांमुळे ठेवत नाहीत, कडुनिंबाचा सुकलेला पाला ठेवतात. आणि ऑक्टोबरमध्ये पाऊस गेला की एक रविवार खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, चादरी पसरून सगळी पुस्तकं उघडून वाऱ्यावर ठेवतात, सावलीत, कारण थेट उन्हात कागद पिवळा पडतो. यंदा आम्हीही गेलो. काम पुस्तकं पुसायचं होतं पण अर्ध्या तासात एकही पोर पुसत नव्हतं, सगळी जिथल्या तिथे फडकं हातात धरून वाचत बसली होती, आणि बाई त्यांच्या अंगावर ऊन येऊ नये म्हणून चादर सरकवत होत्या.

रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं आहे, म्हणजे कोकणाला वाचनालय नवं नाही, गावोगावी आहेत. पण बहुतेक ठिकाणी मुलांचा विभाग म्हणजे आतल्या अंगाचं एक कुलूपबंद कपाट, मी स्वतः एका ठिकाणी चावी मागितली तर ज्यांच्याकडे चावी आहे ते आज आले नाहीत असं उत्तर मिळालं. ते कपाट उघडून त्यातली चाळीस पुस्तकं सुतळीला लावायला किती खर्च येईल सांगा. सुतळी आणि दोन डझन चिमटे.

पैशाचं म्हणाल तर डिपॉझिट दोनशे, परत मिळतं, महिना तीस रुपये, ज्यांना जमत नाही त्यांच्याकडे मागत नाहीत. एका वेळी दोन पुस्तकं. लेट फी नाही. पुस्तक फाटलं तर दंड नाही, गोंद आणि कागदाची पट्टी हातात मिळते आणि ज्याने फाडलं त्याने ओटीवर बसून चिकटवायचं, बाई शेजारी बसून दाखवतात. माझ्या मुलाने दोन चिकटवलीत, एक त्याने फाडलेलं नव्हतंच, आवड म्हणून.

कुणाला जायचं असेल तर, गाडी पाणंदीच्या तोंडाशीच लावा, आत वळत नाही. पावसात पुस्तकांसाठी प्लास्टिकची पिशवी न्या, कापडी नको. मे महिन्यात चाकरमान्यांची मुलं पण येतात, दहाच्या आत पोचलात तर चटईवर जागा मिळेल. आणि आठवी ते दहावीच्या वयाची चांगली मराठी पुस्तकं घरात पडून असतील तर घेऊन या, बाई नाही म्हणणार नाहीत, फक्त आधी झटकून, कसर लागलेली नाही ना ते बघून.